ईएसआर वाढलाय, पण कशामुळे?

रिपोर्टवर ईएसआर (एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) ६२, शेजारी ‘एच’, म्हणजे ‘हाय’, आकडा ठळक टाइपात. हिमोग्लोबिन ९.४ आहे, पण ते मागच्या वर्षीही तेवढंच होतं, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो आणि निदान होऊन जातं: रक्तात इन्फेक्शन आहे. मग पाच दिवस अँटिबायोटिक, आठवड्याने पुन्हा तपासणी, आकडा ५८, मग दुसरं अँटिबायोटिक. त्या ६२ मधला बराचसा भाग नजरेआड केलेल्या कमी हिमोग्लोबिनचा असू शकतो, आणि त्यावर अँटिबायोटिक काय करणार?

ईएसआर ही तपासणी शंभरावर वर्षं जुनी. पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये तिची मांडणी केली; स्वीडनचे रॉबिन फोरेउस आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९१८ ते १९२१ च्या दरम्यान तिला आजचं रूप दिलं. गुठळी होऊ न देणारं द्रव्य मिसळलेलं रक्त उभ्या नळीत भरायचं, एक तास हात लावायचा नाही, आणि वर किती मिलिमीटर पिवळसर द्रव मोकळा झाला ते वाचायचं. एवढीच ही तपासणी.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात, सुट्या राहतात आणि हळूहळू खाली बसतात. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, मग तो जंतूंमुळे असो, संधिवातामुळे असो की गाठीमुळे, की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त बनवू लागतं. काही आजारांत अँटिबॉडीजही वाढतात. ही मोठमोठी प्रथिनं पेशींमधलं ढकलणं कमी करतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात आणि चळत एकट्या पेशीपेक्षा वेगाने खाली जाते. तासातली पहिली साधारण दहा मिनिटं चळती बनण्यात जातात, मधली चाळीस वेगाने बसण्यात आणि शेवटची दहा तळाशी दाटण्यात. वेग असा बदलता असल्याने अर्ध्या तासाचा आकडा दुप्पट करून तासाचा आकडा मिळत नाही. घाईत हा हिशोब केला जातो, आणि तो चुकतो.

नळीत काय बिघडतं

वेस्टरग्रेनची नळी ३०० मिमी लांब, तिच्यावर ० ते २०० मिमी खुणा, आतला व्यास सुमारे २.५ मिमी. रक्त चार भाग आणि गुठळी रोखणारं सोडियम सायट्रेट एक भाग. काळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ०.४ मिली सायट्रेट आधीच भरलेलं असतं, त्यात बरोबर १.६ मिली रक्त हवं. शीर सापडत नाही म्हणून एकच मिली रक्त घेतलं, तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं, रक्त जास्त पातळ होतं, प्रथिनांचा परिणाम उतरतो आणि आकडा खोटा येतो. निळ्या टोपणाची ट्यूब गोठण्याच्या तपासण्यांसाठी असते, तिच्यात प्रमाण नऊला एक असतं. ती ईएसआरला चालत नाही. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त घेता येतं, पण वेस्टरग्रेन नळीत भरण्याआधी ते सलाइन किंवा सायट्रेटने त्याच चारास एक प्रमाणात पातळ करावं लागतं. ही पायरी गाळली की आकड्याला अर्थ उरत नाही.

ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची. गदागदा हलवली तर पेशी फुटतात. बारीकशी गुठळी झाली असेल तर फायब्रिनोजेन त्या गुठळीत अडकून जातं आणि ईएसआर खोटा कमी येतो, म्हणून असं सॅम्पल टाकूनच द्यावं. सामान्य तापमानाला रक्त चार तासांच्या आत लावलं पाहिजे. ४ अंश सेल्सिअसला ठेवलं तर २४ तासांपर्यंत चालतं, पण लावण्याआधी ते खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा नीट मिसळायला हवं. घरून सकाळी सातला घेतलेलं सॅम्पल बॅगेत दुपारपर्यंत फिरलं तर पेशींचा आकार बदलतो, चळती नीट बनत नाहीत आणि आकडा खाली येतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नळीच्या उभेपणाकडे. नळी तीन अंशांनी जरी कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, कारण पेशी एका बाजूच्या काचेवरून घसरत खाली येतात. स्टँडखालचा स्क्रू ढिला असणं, त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज सुरू असणं, खिडकीतून ऊन येणं, ही सगळी आकडा वाढवणारी कारणं. खोली १८ ते २५ अंशांत हवी. मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये ३८ अंशांना लावलेला ईएसआर हा उन्हाळ्याचा ईएसआर असतो.

काही छोट्या लॅबमध्ये अजून विंट्रोब नळी वापरतात. ती ११० मिमी लांब, खुणा १०० पर्यंतच, रक्त पातळ न करता भरायचं. तिच्यात जास्तीचे आकडे दाबले जातात: वेस्टरग्रेनने ११० दाखवणारं रक्त इथे त्याहून बरंच कमी दाखवेल. स्वयंचलित यंत्रं अर्ध्या तासात किंवा काही सेकंदांतच चळती बनण्याचा वेग मोजून वेस्टरग्रेनचा आकडा ‘काढून’ देतात. त्यामुळे एका लॅबचा ४५ आणि दुसऱ्या लॅबचा ३० यांची तुलना करून ‘उतरला’ म्हणू नये. लॅब तीच, पद्धत तीच, तरच तुलना.

आजार नसताना वाढणारा आकडा

पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत १५ आणि बायकांत २० पर्यंत, पन्नाशीनंतर २० आणि ३० पर्यंत, अशी मर्यादा बहुतेक रिपोर्टवर छापलेली असते. वयाचा हिशोब जास्त सोपा आहे. पुरुषांसाठी वय भागिले दोन. बायकांसाठी वयात दहा मिळवून भागिले दोन. सत्तर वर्षांच्या आजींना ४० पर्यंतचा ईएसआर चालतो. तरी त्यांच्या ३६ ला रिपोर्टवर तारा लागतो, आणि घरात धावपळ सुरू होते.

रक्तक्षयात पेशी कमी असतात, खाली बसताना त्यांना एकमेकींचा अडथळा कमी होतो, म्हणून ईएसआर वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्याकडे बाईचा ईएसआर हिमोग्लोबिन न पाहता वाचणं हे अर्धवट वाचणं आहे. गरोदरपणात फायब्रिनोजेन वाढतं आणि रक्त पातळ होतं. शेवटच्या तिमाहीत ४०-५० किंवा त्याहून जास्त आकडा येऊ शकतो. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, लघवीतून प्रथिनं जात असतील तर, आणि लठ्ठपणातही तो वाढलेला असतो.

उलट बाजूची फसवणूक जास्त धोकादायक. सिकलसेलच्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या, त्यांच्या चळती बनत नाहीत. विदर्भात, नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत सिकलसेल असलेल्या मुलाला हाडात जंतुसंसर्ग झाला असला तरी ईएसआर कमी येऊ शकतो. ‘ईएसआर ८ आहे, काळजी नको’ हे त्या मुलाच्या बाबतीत म्हणताच येत नाही. रक्त घट्ट असणं, म्हणजे तांबड्या पेशी फार वाढलेल्या असणं, यकृत निकामी होणं, फायब्रिनोजेन संपून जाणं, हृदय कमकुवत होऊन अंगावर पाणी चढणं, या अवस्थांतही आकडा खाली ओढला जातो. एक विचित्र प्रसंग असा: संधिवात असलेल्या मुलाला तीव्र ताप आहे, फेरिटिन (लोह साठवणारं, दाहात वाढणारं प्रथिन) हजारोंत गेलंय, आणि ईएसआर मात्र अचानक उतरतोय. ही सुधारणा समजू नका. शरीरातली संरक्षणयंत्रणा बेफाम होऊन फायब्रिनोजेन संपत असल्याची ती खूण असू शकते, आणि असा रुग्ण अतिदक्षता विभागात हवा.

सीआरपी

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तो न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी चिकटून साका बनवत होता. तेच सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते यकृत बनवतं, आयएल-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या हुकुमावरून.

ईएसआरपेक्षा त्याचं घड्याळ कितीतरी वेगवान. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत वाढायला लागतं, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि कारण थांबलं की दर १९ तासांनी निम्मं होतं. फायब्रिनोजेन रक्तात साधारण चार दिवसांनी निम्मं होतं आणि अँटिबॉडीज त्याहून सावकाश, त्यामुळे ईएसआर एक-दोन दिवस उशिरा चढतो आणि उतरायला आठवडे घेतो. न्यूमोनिया बरा होऊन माणूस कामाला लागला तरी ईएसआर ४० वर रेंगाळतो. त्यासाठी औषध वाढवायचं कारण नाही. चार दिवसांच्या उपचारांचा परिणाम बघायचा असेल तर सीआरपी करा. ईएसआर दोन ते चार आठवड्यांच्या आत पुन्हा करण्यात पैसेच जातात. सीआरपीवर रक्तक्षयाचा फारसा परिणाम होत नाही, हाही मोठा फायदा. उपाशीपोटी यायची गरज दोन्हींना नाही.

अमेरिकेतल्या क्लिनिकल पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे: निदान न झालेल्या रुग्णात दाह शोधण्यासाठी ईएसआर मागवू नका, सीआरपी मागवा. मला तो पटतो. तरीही ईएसआर टिकून आहे, कारण तो स्वस्त आहे, वीज नसली तरी होतो, आणि प्रत्येक ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये फुकट घातलेला असतो. लक्षणं नसलेल्या माणसात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

सीआरपीचा रिपोर्ट वाचताना आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ४.८ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ४८ मिग्रॅ प्रति लिटर. एका रिपोर्टवरचे ४.८ आणि दुसऱ्यावरचे ३० पाहून ‘सहापट वाढलं’ असं वाटतं, खरं तर ते उतरलेलं असतं. इथून पुढचे आकडे मी प्रति लिटरमध्ये देतो.

तालुक्याच्या ठिकाणी अजून स्लाइडवरची लॅटेक्स तपासणी होते. सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) थेंब, लॅटेक्सचा थेंब, काडीने पसरवून स्लाइड दोन मिनिटं हलवायची. दाणे दिसले तर पॉझिटिव्ह, म्हणजे साधारण ६ च्या वर. यात दोन खाचखळगे. दोन मिनिटांनंतर वाचलं तर थेंबाच्या कडा वाळतात आणि नसलेले दाणे दिसतात. आणि सीआरपी प्रचंड वाढलेलं असेल तर दाणे बनतच नाहीत, तपासणी निगेटिव्ह येते. रुग्ण गंभीर आणि लॅटेक्स निगेटिव्ह, असं दिसलं की सीरम पातळ करून पुन्हा लावायला सांगा. १:८ पर्यंत पॉझिटिव्ह आलं तर ६ गुणिले ८, म्हणजे सुमारे ४८. पावसाळ्यातला तापाचा रुग्ण असेल तर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ फारसं काही सांगत नाही, आकडा हवा.

आकडा मिळाला तरी तो जंतूचं नाव सांगत नाही. १०० च्या वर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता बरीच, २० च्या आत गंभीर जिवाणूसंसर्गाची कमी. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ मध्ये रुग्णालयात दाखल नसलेल्यांच्या न्यूमोनियासाठी हाच हिशोब दिला होता. डॉक्टरांच्या तपासणीनंतरही न्यूमोनिया की साधा खोकला ठरत नसेल, तर २० च्या आत सहसा अँटिबायोटिक नको, १०० च्या वर द्यावं, मधे असेल तर चिठ्ठी देऊन ठेवावी आणि त्रास वाढला तरच गोळ्या घ्यायला सांगाव्यात. पण हे गणित थंड देशातल्या खोकल्याचं. आपल्याकडे मलेरियात आणि लेप्टोमध्ये सीआरपी १०० पार सहज जातं. अ‍ॅडिनोव्हायरसने मुलांत तेच होतं. म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या तापाला सीआरपीआधी मलेरियाची स्मिअर (काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी) आणि डेंग्यूची एनएस-१ हवी. आणि तापाच्या पहिल्या सहा तासांत केलेलं सीआरपी नॉर्मल आलं तर त्याने कुणी निर्धास्त होऊ नये. नवजात बाळात तर हे जास्तच: जन्मल्याबरोबरचं एक सीआरपी काही सांगत नाही. २४ ते ४८ तासांनी पुन्हा केलेलं नॉर्मल आलं, बाळ चांगलं पितंय आणि कल्चर निगेटिव्ह आहे, तर अँटिबायोटिक बंद करायला त्याचा आधार होतो.

शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर, मग उतार. चौथ्या दिवशी ते उतरण्याऐवजी चढत असेल तर आत कुठेतरी गळती किंवा पू आहे का ते शोधायचं. गुडघा बदलल्यावर सीआरपी दोन-तीन आठवड्यांत जागेवर येतं, ईएसआर कित्येक महिने घेतो. त्यामुळे सहाव्या आठवड्याला गुडघा दुखतोय म्हणून केलेला ईएसआर घाबरवतो, पण ठरवत काहीच नाही.

टोसिलिझुमॅबसारखं आयएल-६ रोखणारं औषध सुरू असेल तर सीआरपी बनण्याचा हुकूमच थांबतो. अंगात सेप्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा संसर्ग असूनही ते १ राहू शकतं. यकृत निकामी झालं तरी तसंच. हृदयविकाराच्या जोखमीसाठी होणारी एचएस-सीआरपी ही त्याच प्रथिनाची जास्त बारीक मोजणी. १ च्या आत कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. सर्दी किंवा किडलेली दाढ असताना ती करू नये, आणि १० च्या वर आली तर जोखमीचा हिशोब सोडून आधी दाहाचं कारण शोधून दोन आठवड्यांनी पुन्हा करावी.

कुठे खरंच उपयोग होतो

रुमॅटिक तापात. तो ओळखण्याच्या जोन्स निकषांच्या २०१५ च्या सुधारणेत भारतासारख्या जास्त जोखमीच्या देशांसाठी ईएसआर ३० किंवा त्याहून जास्त, किंवा सीआरपी ३० किंवा त्याहून जास्त, हा गौण निकष आहे. कमी जोखमीच्या देशांसाठी ईएसआरची मर्यादा ६० आहे. परदेशी पुस्तकातला ६० आपल्या मुलाला लावला तर काही मुलं निसटतील. कावासाकी आजारातही (लहान मुलांतला रक्तवाहिन्यांचा दाह) दोन्ही आकडे निदानाला मदत करतात, पण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीजचं औषध, दिल्यानंतर ईएसआर बघू नये. ते औषधच तो वाढवतं.

संधिवाताचा जोर मोजणाऱ्या डीएएस-२८ गुणांकात ईएसआर थेट गणितात बसतो. तो २० वरून ४० झाला तर सांधे तसेच असूनही गुणांक जवळपास ०.५ ने चढतो. रक्तक्षय असलेल्या बाईत हा फुगवटा औषधाचा डोस वाढवायला कारण ठरू शकतो. तिथे सीआरपीवर आधारलेला गुणांक घ्यावा किंवा आधी लोह भरून काढावं.

टीबीसाठी आपल्याकडे अजून सर्रास ईएसआर लिहितात. टीबी असूनही तो नॉर्मल असू शकतो, आणि तो वाढलेला असला तरी टीबी ठरत नाही. निदान थुंकीतल्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीने होतं. ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीचंच यंत्र. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत टीबीची चाळणी म्हणून सीआरपी ५ च्या वर आहे का पाहायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, पण ती चाळणीच. पुढे थुंकी तपासावी लागतेच. मणक्याच्या टीबीत निदान झाल्यावर दर काही महिन्यांनी ईएसआर उतरतोय का हे पाहणं मात्र उपयोगी.

दोन आकड्यांचं जमत नसेल तेव्हा जास्त लक्ष द्यावं. ल्युपसमध्ये (शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार) ईएसआर चढलेला आणि सीआरपी जवळपास नॉर्मल असतं; अशा रुग्णाचं सीआरपी अचानक उडालं तर आधी जंतुसंसर्ग शोधा. साठीच्या माणसाला पाठदुखी, थकवा, ईएसआर ११० आणि सीआरपी ४, असं दिसलं तर मायलोमाचा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) विचार करून सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम करा. शंभरीपार ईएसआर सहसा फुकट जात नाही: गंभीर संसर्ग, गाठ, संधिवाताच्या जातीचा आजार किंवा मूत्रपिंडाचा विकार, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा निघतं.

शंभराच्या आतला, कारण न सापडलेला ईएसआर वेगळा. वजन उतरलंय का, संध्याकाळचा ताप येतो का, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, हे विचारायचं. मानेतल्या, काखेतल्या गाठी हाताने तपासायच्या. सीबीसी, सीआरपी, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं एवढं करायचं, खोकला असेल तर छातीचा एक्स-रे. काही निघालं नाही तर एक ते तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. बऱ्याच जणांचा आकडा तोवर आपोआप खाली येतो. केवळ आकड्यासाठी सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन करू नये.

एका माणसाला मात्र थांबायला सांगायचं नाही: पन्नाशी ओलांडलेली, कानशिलाकडे नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखतो किंवा नजर क्षणभर अंधारते. हा कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण उशीर झाला तर डोळा कायमचा जातो. ईएसआर आणि सीआरपीसाठी रक्त त्याच दिवशी घ्यायचं, आणि शंका पक्की असेल तर बायोप्सीची वाट न पाहता स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करायचं. ईएसआर नॉर्मल आला तरीही.